प्रौढांसाठीचा कथकवर्ग : शिकवणी उत्तम, फरशी मात्र कठीण

पुण्यात कथक शिकवणाऱ्या संस्थांची वाण नाही. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये ‘नृत्यभारती’ची स्थापना केली, तेव्हापासून हे नृत्य या शहरात चांगलेच रुजले आहे. तथापि बहुतेक वर्ग लहान मुलांसाठी असतात आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांभोवती फिरतात. चाळिशी ओलांडलेल्यांना परीक्षेविना शिकवणाऱ्या एका उपनगरी वर्गात मी सध्या जाते. पुढे काही तक्रारीही असल्यामुळे त्याचे नाव देण्याचे टाळते.

या वर्गाचे खरे बलस्थान म्हणजे येथे कोणतीही रचना पायांत उतरण्याआधी तोंडाने आणि हाताने पक्की करून घेतली जाते. त्रितालाच्या सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवरची टाळी आणि नवव्या मात्रेवरची ‘खाली’ (टाळी न देण्याची जागा) हातावर धरून बोलांची, म्हणजे नृत्याच्या अक्षरांची, पढंत (तालात तोंडी म्हणणे) झाल्याखेरीज बाई कोणालाही उभे राहू देत नाहीत. पाच मात्रांचा बोल तीनदा आणि मध्ये एकेका मात्रेचा विराम अशी साधी तिहाई (तीनदा म्हणून संपणारी रचना) घेतली, तर बेरीज सतरा होते. ताल सोळा मात्रांचा असताना हे जुळते कसे, असा प्रश्न कागदावर हमखास पडतो. पण बोलाचा शेवटचा ‘थेई’ पुढच्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पडला, की ती सतरावी मात्रा म्हणजेच नवी पहिली मात्रा हे पायाला आधी कळते आणि त्याचे स्पष्टीकरण डोक्यात मागाहून तयार होते. हिशेबाची समज शरीराकडून बुद्धीकडे जाताना इतक्या स्पष्टपणे अनुभवण्याची संधी शिकवणीच्या अन्य प्रकारांत क्वचितच मिळते.

चक्कर किंवा तुकडा (बोलांवर बसवलेली छोटी रचना) पूर्ण जोराने नाचण्यापूर्वी तो जागेवरच, केवळ मनगटाच्या खुणांनी करून पाहण्याची सवयही येथे लावली जाते. संज्ञानवैज्ञानिक डेव्हिड कर्श यांनी इंग्लंडमधील वेन मॅकग्रेगर यांच्या नृत्यसंघातील नर्तकांचा अभ्यास केला, तेव्हा अशा अर्धवट, खुणेपुरत्या हालचालींनी केलेला सराव मनातल्या मनात केलेल्या उजळणीपेक्षाच नव्हे, तर पूर्ण ताकदीने केलेल्या सरावापेक्षाही सरस ठरला होता. ते नर्तक व्यावसायिक होते, त्यामुळे आमच्यासारख्या नवशिक्यांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू करणे घाईचे होईल. तरीही गुंतागुंतीचा तुकडा या पद्धतीने लवकर बसतो, असे वर्गात वारंवार दिसते.

संस्थेच्या माहितीपत्रकावर मात्र माझा आक्षेप आहे. नृत्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे त्यात छातीठोकपणे छापले आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील पंचाहत्तरीपुढच्या ४६९ व्यक्तींवरील अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या शारीरिक छंदांपैकी केवळ नृत्याचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी आढळला, हे खरे. पण ते निरीक्षण होते, प्रयोग नव्हे. ज्यांची बुद्धी आधीपासूनच तल्लख आहे तीच माणसे उतारवयात नाचत राहिली असतील, ही शक्यता त्यातून पूर्णपणे बाद होत नाही. वर्गातील शिकवणी इतकी चांगली असताना या अतिरंजित जाहिरातीची गरजच काय?

बाकीच्या सोयी बेताच्या आहेत. खोलीला लाकडी तळ नाही, थेट काँक्रीटवर बसवलेली फरशी आहे, आणि दुगुनीतल्या (दुप्पट लयीतल्या) तत्काराने, म्हणजे पायांच्या आघातांनी, गुडघे बोलू लागतात. समोरची भिंतभर आरशांची रांग नवख्यांना सोयीची वाटते, परंतु नजर आरशात अडकली की पाऊल कोठे पडले हे पावलावरून न कळता प्रतिबिंबावरून कळू लागते. माझ्या मते दर तासाचा निम्मा भाग तरी आरशावर पडदा ओढावा. लेहरा, म्हणजे तालाची आवर्तने दाखवणारी पुन्हा पुन्हा वाजणारी धून, मोबाइलवरून वाजतो. तो अचूक असला तरी नाचणाऱ्याकडे पाहून सावरून घेत नाही. महिन्यातून एकदा तबलजी येतात त्या दिवशी चुकांचे स्वरूपच बदलते, कारण तेव्हा मोजणे मागे पडून ऐकणे सुरू होते.

शुल्क आसपासच्या वर्गांइतकेच आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी प्रवेश घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि चौकशीला जाताना तबलजींचा दिवस विचारून त्याच दिवशी नमुन्याचा तास मागून घ्यावा.