अर्थकेअर उपग्रहाचा मोफत डेटा: ढगातला बर्फ बघायला उत्तम, गारपिटीच्या इशाऱ्याला नाही

आमच्या वरूड-मोर्शी पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडल्या की संत्र्याचा आंबिया बहार झाडाखाली. त्यामुळे मी ढगांचा डेटा बघतो म्हटल्यावर संत्रावाले पहिलं हेच विचारतात, "सर, याच्यावरून गारा येतील का नाही, ते समजते काय?"

नाही समजत. हा युरोप-जपानचा उपग्रह लायडर (लेझरनं मोजणारं यंत्र) आणि रडारनं फक्त आपल्या खालची एक अरुंद रेघ मोजत जातो आणि त्याच रेघेवर परत यायला त्याला 25 दिवस लागतात. गारपिटीसाठी नागपूरच्या डॉपलर रडारची चित्रं बघा, विजेसाठी दामिनी ॲप ठेवा.

पण ढगाच्या आत काय चाललंय हे समजून घ्यायचं असेल, तर मला याच्याइतकं दुसरं काही आवडलेलं नाही. मे 2024 मध्ये सोडलेल्या या एकाच उपग्रहावर लायडरही आहे आणि रडारही. लायडरचा लेझर 355 नॅनोमीटरचा. आभाळातला विरळ पांढुरका पदरही तो टिपतो, पण दाट ढगात थोडं आत गेला की विझतो. 94 गिगाहर्ट्झचं रडार ढगाच्या पोटात शिरतं, मात्र बर्फाचे अगदी बारीक स्फटिक त्याला दिसत नाहीत. खरी गंमत पुढे आहे. कण गोल धरून आकार दुप्पट केला, तर लायडरकडे परतणारा प्रकाश साधारण चौपट होतो, रडारचा प्रतिध्वनी 64 पट! हा फरक जुळवूनच स्फटिक केवढे आणि ढगात बर्फ किती, ते काढतात. एकट्या यंत्राच्या आकड्यावर माझा तेवढा भरवसा नाही.

नववीच्या वर्गात मी संथ पावसाच्या ढगाचं डॉपलर चित्र, म्हणजे कण किती वेगानं खाली येतात ते रंगानं दाखवणारं, लावलं होतं. वरून बऱ्याच खालपर्यंत फिकट रंग, म्हणजे बर्फ सेकंदाला मीटरभराच्या वेगानं सावकाश उतरतोय. पाच किलोमीटरच्या आसपास रंग एकदम गडद. तिथं बर्फ वितळून थेंब झाले, वेग कितीतरी वाढला. मागच्या बाकावरची पोरगी उभी राहिली, "म्हणजे आपला श्रावणातला पाऊस वर बर्फ होता काय, सर?" बराचसा होता. हे पुस्तकातून इतकं पटत नाही.

त्रास एकच, पण मोठा. फाइली जड, एचडीएफ5 या शास्त्रीय डेटाच्या स्वरूपातल्या. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडीफार यायलाच हवी, मोबाईलवर काही होत नाही. नोंदणी फुकट आहे. गावातलं नेट दिवसा दम तोडतं, लाईनही जाते, तेव्हा डाउनलोड रात्री जेवणानंतर लावा आणि लॅपटॉप आधी पूर्ण चार्ज करून ठेवा.