१०९८ : गावातून फोन लावल्यावर काय मिळते

मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक भरवशाचा आहे, मात्र फोन लावणाऱ्याला आपण नेमके काय पाहिले हे ओळखता आले तरच त्याचा पुरेपूर उपयोग होतो, असे माझे मत आहे. आमचे गाव विदर्भाच्या कापूसपट्ट्यातले असून जिल्ह्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण बालन्याय कायद्याने मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे.

आमच्याकडे सालगडी गुढीपाडव्याला ठरतो आणि उचल घेऊन वर्षभर राबतो. त्यामुळे कोणाच्या गोठ्यावर बारा-तेरा वर्षांचे परगावचे पोर ढोरे राखताना दिसले, तरी गावाला त्यात वावगे वाटत नाही. असाच एक मुलगा आम्हाला दिसला. त्याला दिवाळीत घरी जाणार का असे विचारले, तेव्हा तो "मालकाले विचारा" एवढेच बोलला. बापाने घेतलेली उचल फिटेपर्यंत त्याने तिथेच राहायचे होते आणि मजुरीचा पैसा त्याच्या हाती पडत नव्हता. काम किती जड आहे यापेक्षा मुलाला ते सोडून जाता येते का, हे आधी पाहावे.

फोन मोफत असतो, रात्री-बेरात्रीही लागतो आणि नाव न सांगताही तक्रार घेतली जाते. पलीकडच्या ताई मराठीत, घाई न करता बोलल्या. मुलाचे अंदाजे वय, तो झोपतो कुठे, मारहाण होते का, हे त्यांनी विचारले आणि मालकाला सुगावा लागू देऊ नका, असे बजावले. पांदणीने जाऊन नाल्यापलीकडचे दुसरे वावर, हा पत्ता समजावताना मात्र बरीच कसरत झाली, तेव्हा जवळची ठळक खूण आधीच लिहून ठेवलेली बरी. पुढे पोलिसांसह पथक आले आणि कायद्याने घालून दिलेल्या २४ तासांच्या आत मुलाला बाल कल्याण समितीपुढे नेले.

खरी अडचण फोननंतर आली. ज्या कार्यालयाकडे प्रकरण गेले, तिथे केवळ बालमजुरीची नोंद झाली आणि उचलीचा विषय कागदावर आलाच नाही. अशा वेळी पोरगा घरी येतो, पण कर्ज बापाच्या मानेवर तसेच राहते आणि पुढच्या पाडव्याला धाकट्याची पाळी येऊ शकते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्द होते आणि ते वेठबिगारीचे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर येते. म्हणून जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे या कायद्याखाली चौकशीची मागणी करणारा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. वेठबिगारीतून सुटल्याचे मुक्तता प्रमाणपत्र मिळाल्यावर केंद्राच्या पुनर्वसन योजनेतून ३० हजार रुपयांपर्यंत तातडीची मदत मिळू शकते. बालकांसाठीची २ लाखांची मोठी रक्कम मात्र सहसा खटल्याचा निकाल लागेपर्यंत अडकते, ही त्या योजनेची मोठीच उणीव म्हणावी लागेल.

आम्ही हा अर्ज उशिरा दिला. चौकशीत आपले पैसे बुडू नयेत म्हणून मालकाने बापाचा अंगठा असलेली उचलीची चिठ्ठी स्वतःहून पुढे केली आणि वेठबिगारीचा पुरावा म्हणून तीच नोंदवली गेली.