पीठ खरवडण्याची पट्टी: तीन स्क्रॅपर वापरून पाहिल्यानंतर

घरी पाव भाजू लागलेला माणूस आधी वजनकाटा घेतो, मग साचा घेतो. स्क्रॅपर त्याच्या यादीत फार उशिरा येतो, कारण घरात सुरी आणि उलथणे असताना एका चौकोनी पत्र्यासाठी पैसे का मोजायचे, ही शंका रास्तच असते. मलाही ती होती. गेल्या दीड वर्षात मात्र मी एकापाठोपाठ एक असे तीन स्क्रॅपर घेतले, आणि त्यांतले दोन आज रोजच्या वापरात आहेत.

पावाच्या पिठात पाणी पोळीच्या कणकेपेक्षा बरेच जास्त असते. ५०० ग्रॅम पिठाला ३७५ ग्रॅम पाणी, म्हणजे ७५ टक्के, असे प्रमाण घेतले की गोळा हाताला आणि ओट्याला सारखाच चिकटतो. अशा वेळी आपण सवयीने चिमूट चिमूट कोरडे पीठ टाकत राहतो. ते ५० ग्रॅम झाले तरी पाण्याचे प्रमाण ६८ टक्क्यांवर येते, पाव घट्ट होतो आणि दोष यीस्टला दिला जातो. स्क्रॅपरचा खरा उपयोग मला इथे कळला. चिकटलेला गोळा अलगद सुटा करता येतो, हे एकदा हाताला समजले की वरून पीठ टाकण्याची गरजच वाटत नाही.

त्यासाठी पट्टीची कड पाण्यात बुडवून, ती ओट्याशी जवळजवळ आडवी धरून, गोळ्याखाली एका झटक्यात सारावी लागते. हळूहळू सारली तर पीठ पट्टीलाच धरते. गोळा वळताना तीच पट्टी किंचित तिरकी धरून, मोकळ्या हाताचा आधार देत, गोळा अर्धवर्तुळात पुढे ढकलायचा. तळाचे पीठ ओट्याला थोडे धरून राहते, त्यामुळे वरचा पापुद्रा ताणला जातो आणि चार-पाच फेऱ्यांत पसरलेला गोळा फुग्यासारखा तुकतुकीत दिसू लागतो. ओट्यावर पीठ भुरभुरवलेले असेल तर गोळा नुसताच घसरतो आणि हा ताण येत नाही. लादीपावासाठी ६० ग्रॅमचे तुकडे करताना पट्टी सरळ खाली दाबावी; सुरीसारखी मागेपुढे केली तर पीठ ओढले जाते आणि फाटते.

आता खरेदीविषयी. पहिला स्क्रॅपर लाकडी मुठीचा होता, दिसायला देखणा आणि ऑनलाइन मागवलेला. ग्रॅनाइटच्या ओट्यावर उभा धरून मागून मोबाइलचा टॉर्च लावला, तेव्हा कडेच्या मधोमध उजेडाची बारीक फट दिसली. म्हणजे कड सरळच नव्हती आणि मधला पिठाचा पट्टा दर वेळी मागे का राहतो, याचा उलगडा झाला. पावसाळ्यात मूठ फुगली, मूठ आणि पाते यांच्यामधल्या फटीत पीठ अडकून आंबट वास येऊ लागला. विक्रेत्याने परत घेण्याची मुदत संपल्याचे कळवले, आणि विषय तिथेच मिटला.

दुसरा स्टेनलेस स्टीलच्या एकाच पत्र्याचा आहे. साधारण १५ सेंटिमीटर रुंद, वरची कड गुंडाळून तिचीच मूठ केलेली. सांधा नाही, म्हणून पीठ अडकत नाही. तेलकट हातातून तो निसटतो, ही त्याची उणीव. पात्यावर सेंटिमीटरच्या खुणा कोरलेल्या आहेत, छापलेल्या नाहीत, त्यामुळे घासून घासूनही त्या टिकल्या आहेत.

तिसरा प्लॅस्टिकचा, एका बाजूने गोलाकार, आणि किमतीने सर्वांत कमी. परातीच्या आणि पातेल्याच्या गोलाईला तो असा बसतो की तळाशी चमचाभर पीठही उरत नाही. घेताना वाकवून पाहावा. सोडल्यावर लगेच सरळ झाला पाहिजे. सिलिकॉनचे काही इतके लिबलिबीत असतात की त्यांनी पातेले पुसता येते, पीठ कापता येत नाही. एकच घ्यायचा असेल तर मी हाच घेण्यास सांगेन, कारण लहान गोळे यानेही कापता येतात, आणि नॉनस्टिक भांड्यात स्टीलची पट्टी घालणे शक्यच नाही.

स्टीलचा घेण्यापूर्वी आपला ओटा कशाचा आहे, हेही पाहावे. ग्रॅनाइट कठीण असल्याने त्याला सहसा काही होत नाही, फार तर धातूची करडी रेघ उमटते आणि ती घासल्यावर जाते. कडप्पा आणि संगमरवर मात्र मऊ दगड आहेत; त्यांवर स्टीलच्या कोपऱ्याने कायमचा ओरखडा उठतो. तिथे प्लॅस्टिकचाच बरा, किंवा मोठा लाकडी पाट घ्यावा.

धुताना गरम पाणी वापरू नये. गरम पाण्याने पिठातल्या स्टार्चची खळ होते आणि ती पात्याला घट्ट बसते. मी आधी एका पट्टीने दुसरी खरवडते, निघालेले पीठ कचऱ्याच्या डब्यात टाकते, कारण सिंकमध्ये गेलेले पीठ पुढे पाइपात साचते, आणि मग गार पाण्याने दोन्ही धुऊन, पुसून, उभ्या ठेवते.