जिप्सीचे चारही शॉकअप बदलले: अक्कलकोट रोडवरच्या गॅरेजचा अनुभव

माझी जुनी जिप्सी मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात राबते. शॉकअपमधून, म्हणजे गाडीचे हेलकावे थांबवणाऱ्या तेलाच्या नळ्यांमधून, तेल गळून नळीवर मातीचा थर बसला होता आणि खड्ड्यातनं निघाल्यावरही गाडी डोलत राहायची. दुसऱ्या एका ठिकाणी थेट पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बदलायला सांगितले होते. इथल्या मिस्त्रींनी गाडीचा कोपरा दाबून सोडला, एकेक पाटा बॅटरी मारून तपासला आणि म्हणाले, "पाटे शाबूत आहेत मालक, शॉकअप तेवढे गेलेत." गाडी उंच करायचं विचारलं, तर शॉकअपनं उंची वाढत नाही, ते पाट्याचं काम, हेही स्पष्ट सांगितलं. अशी माणसं हवीत!

जिप्सीला चारही चाकांना पाटे, त्यामुळे शॉकअप काढताना गोल गुंडाळीची स्प्रिंग दाबून धरायची भानगड नाही. वेळ खाल्ला तो गंजलेल्या नटांनी. घाई न करता तेल मारून मुरू दिलं, तारेच्या ब्रशनं आटे साफ केले, मगच पाना लावला. नवे शॉकअप बसवल्यावर बोल्ट नुसते धरवले, गाडी जॅकवरून उतरवून चाकांवर उभी केली आणि मग पूर्ण आवळले. चाकं लोंबकळत असताना आवळलं की शॉकअपच्या टोकाचं रबरी बुश पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. हे एवढं कोण बघतं?

आता खड्डा गेला की गाडी लगेच स्थिर होते. मजुरी वाजवी, पावती मिळाली, जुने शॉकअप परत दिले. फक्त सकाळीच जा. दुपारी पत्र्याचं शेड फार तापतं.