आर्कनाइट्स: खिशाला हात न लावता वर्षभर

वर्ष उलटून गेलं. आर्कनाइट्स या मोबाइल गेमवर अजून एक रुपया टाकलेला नाही, आणि 'पैसे टाकले असते तर ही लढाई निघाली असती' असं एकदाही वाटलं नाही. चित्रं आणि संगीत छान आहे, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. फुकट खेळणाऱ्यानं कुठं लक्ष द्यावं, तेवढंच इथं लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा शांघायच्या हायपरग्रिफ कंपनीचा टॉवर डिफेन्स, म्हणजे बुरुज उभारून शत्रूला रोखायच्या प्रकारातला गेम. चीनमध्ये मे २०१९ मध्ये आला, आणि आपण खेळतो तो जागतिक सर्व्हर योस्टारनं जानेवारी २०२० मध्ये सुरू केला. इथं बुरुज नाहीत, माणसं उभी करायची. त्यांना ऑपरेटर म्हणतात. प्रत्येकाला उतरवायला डीपी, म्हणजे उतरवायचे गुण लागतात, ते साधारण सेकंदाला एक या हिशेबानं जमतात. कोण किती शत्रू अडवणार हे ठरलेलं असतं. काही जमिनीवर उभे राहतात, तिरंदाज आणि जादूवाले उंच चौकोनांवर. ठेवताना तोंड कुठल्या बाजूला करायचं तेही आपणच ठरवायचं. यातच अर्धा खेळ आहे. आणि फुकट्यांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे इथं खेळाडू विरुद्ध खेळाडू अशी चढाओढच नाही. पुण्या-मुंबईच्या कुणी लाखभर रुपये ओतले म्हणून परभणीत माझं काही अडत नाही.

लोक ओरंडम (नवे ऑपरेटर काढायचं चलन) मोजत बसतात, पण खरं चलन सॅनिटी आहे. लढाईला ती लागते आणि ६ मिनिटांना १ भरते, म्हणजे दिवसाला २४०. शेतीच्या लाईटीसारखा मामला आहे: आली की पाणी ओढून घ्यायचं, हौद भरल्यावर वरचं वाहून जाणार. मर्यादा गाठली की सॅनिटी भरायची थांबते, आणि तो वेळ परत मिळत नाही. सर्व्हरचा दिवस आपल्याकडं दुपारी साडेचारला उलटतो. मी मोंढ्यात बियाण्याच्या दुकानावर असतो, त्याच सुमाराला चहा येतो. एखादी लढाई तीन स्टारनं, म्हणजे एकही शत्रू आत न सोडता जिंकली की ती नंतर आपोआप खेळवता येते. फोन काउंटरवर ठेवायचा आणि गिऱ्हाईक करायचं. खरिपाच्या तोंडावर तेवढीही सवड मिळत नाही, तेव्हा रात्री दुकान बंद केल्यावर एकदाच सगळी सॅनिटी संपवतो.

आता मुद्द्याचं. ऑपरेटरांना स्टार असतात, सिक्स-स्टार सगळ्यात वरचे. त्यांना वाढवायला एलएमडी, म्हणजे गेममधले पैसे लागतात, आणि वरच्या बढतीला एलिट टू म्हणतात. माझा मावसभाऊ लातूरला नीटच्या क्लासला आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा म्हणाला, "दादा, माझ्याकडं सहा-सात सिक्स-स्टार हायत, तरी चौथ्या चॅप्टरलाच अडकलोय. पैसे टाकू का?"

"किती जणांना एलिट टू केलायस?"

"एकालाबी नाही. एलएमडीच पुरंनात की."

बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. सिक्स-स्टार मिळणं नशिबाचं, पण त्याला मोठं करणं हिशेबाचं. एलिट टू या बढतीला सिक्स-स्टारला १,८०,००० एलएमडी लागतात, फाइव्ह-स्टारला १,२०,००० आणि फोर-स्टारला फक्त ६०,०००. एलएमडी देणारी सीई-६ ही फेरी ३६ सॅनिटीत १०,००० देते. म्हणजे एका सिक्स-स्टारसाठी १८ फेऱ्या, ६४८ सॅनिटी. दुसरं काहीच न करता पावणेतीन दिवस जातात, तेही निव्वळ बढतीच्या फीसाठी. लेव्हल, साहित्य, कौशल्यं यांचा खर्च वेगळाच. फोर-स्टारचं हेच काम ६ फेऱ्यांत, एका दिवसात उरकतं. बेसमधल्या, म्हणजे गेममधल्या आपल्या तळावरच्या ट्रेडिंग पोस्टमधून एलएमडीचा थोडा आधार मिळतो, म्हणून बेसकडं दुर्लक्ष करू नका. पण सहा जणांना एकदम वाढवायला घेतलं तर सहाही जण अर्धवट राहतात.

म्हणून सुरुवातीला फोर-स्टार वाढवा. मर्टल तर हवीच. झेंडा घेऊन उभी राहते आणि डीपीचा ओघ सुरू करते, म्हणून पैसेवाल्यांच्या संघातही ती दिसते. अडवायला क्वोरा किंवा गम्मी. कथेतून मिळणारी अमिया फाइव्ह-स्टार आहे आणि फुकट आहे. थ्री-स्टारवाली मेलांथा आणि तिरंदाज क्रूस यांना एलिट टू नाही, पण पहिल्या काही चॅप्टरांत त्या भरपूर काम देतात आणि खर्च जवळपास शून्य. सिक्स-स्टार एकच निवडा आणि त्यालाच शेवटपर्यंत न्या. दुसरा लागलाच तर लढाईआधी मित्राचा एक ऑपरेटर उसना घेता येतो. मोठ्या खेळाडूंना मित्र करून ठेवा, लाजू नका. त्यांचं त्यात काहीच जात नाही. भावानं एकटी एक्सुसिआय वाढवली, बाकीच्यांना तसंच ठेवलं, आणि परीक्षेच्या आधी चॅप्टर निघाला. परीक्षेचं विचारू नका.

रिक्रूटमेंटकडं, म्हणजे ओरंडम न खर्चता ऑपरेटर मिळवायच्या सोयीकडं, नवे लोक बघत नाहीत. त्यात ऑपरेटर कसा हवा याचे टॅग निवडायचे आणि वेळ नेहमी ९ तास ठेवायची. 'सीनियर ऑपरेटर' आला तर फाइव्ह-स्टार पक्का, 'टॉप ऑपरेटर' आला तर सिक्स-स्टार. दुसरा क्वचितच दिसतो. झोपायच्या आधी लावून ठेवा.

आता ओरंडम. रोजच्या कामांचे दिवसाला १०० म्हणजे आठवड्याला ७००, आठवड्याच्या कामांचे ५००, आणि ॲनायहिलेशन नावाच्या लांबलचक लढाईची मर्यादा पूर्ण उघडली की आठवड्याला १८००. बेरीज ३०००. एका पुलला, म्हणजे एक ऑपरेटर काढायच्या सोडतीला, ६०० लागतात, म्हणजे आठवड्याला ५ पुल. सिक्स-स्टार पडण्याची शक्यता २ टक्के. ५० पुल कोरडे गेले की ती दर पुलला २ टक्क्यांनी वाढत जाते. ९९ व्या पुलला मिळणारच, पण हवा तोच मिळेल असं नाही. लिमिटेड बॅनरवर, म्हणजे ठरावीक काळच चालणाऱ्या खास सोडतीत, हवा तो खात्रीनं घ्यायचा तर ३०० पुल, म्हणजे १,८०,००० ओरंडम. निव्वळ आठवड्याच्या कमाईवर ६० आठवडे. इव्हेंट, फुकट पुल आणि पहिल्यांदा जिंकलेल्या लढायांचे ओरिजिनाइट प्राइम (एकाचे १८० ओरंडम होतात) धरले की काळ बराच कमी होतो. पण धीर नसेल तर हा गेम खिसा उघडायला लावणारच, कारण बॅनर संपायची तारीख रोज डोळ्यासमोर ठेवलेली असते.

यावर एक तोडगा आहे. चिनी सर्व्हर आपल्या पुढं चालतो, हे अंतर बराच काळ सहा महिन्यांच्या आसपास राहिलंय. तिकडं काय आलं आणि तिथल्या खेळाडूंना ते कसं वाटलं, हे आपल्याला आधीच कळतं. फुकट खेळणाऱ्याला याहून मोठी सवलत कुठलाच गेम देत नाही, असं माझं मत.

खटकणारं म्हणाल तर कथा. इंग्रजीत पानंच्या पानं आणि वाक्यं अशी की संपता संपत नाहीत. मी सरळ स्किप दाबतो, त्यानं काही अडत नाही. डाउनलोड मोठं आहे, काही जीबी जागा रिकामी ठेवा आणि ते वायफायवरच करा. गेम ऑनलाइनच चालतो. आमच्या गल्लीत पाऊस पडला की नेट जातं, मग लढाई जिंकूनही निकाल पोचेपर्यंत 'रिट्राय' दाबत बसावं लागतं. लांब लढाईत साधा फोन तापतो.

अवघड टप्प्यांसाठी कमी स्टारच्या ऑपरेटरांनी जिंकलेले व्हिडिओ भरपूर सापडतात. मी आधी सराव-फेरीत स्वतः डोकं लावतो, तिला सॅनिटी लागत नाही. अगदीच जमेना तर व्हिडिओ बघून चौकोन न चौकोन उतरवतो. काही जण याला चोरी म्हणतात. म्हणू देत. पुढच्या लिमिटेडपर्यंत साठवलेल्या ओरंडमला हात लावायचा नाही, मधले दोन बॅनर सोडून द्यायचे, एवढं सध्या ठरलंय.