खनिज मिश्रण: आठ महिने मेंढ्यांना घातल्यावर

फेब्रुवारीत लिहायला बसलो असतो तर या खनिज मिश्रणाच्या पावडरीला पैकीच्या पैकी गुण दिले असते. आता जुलै आहे, माझ्या सात माडग्याळी जातीच्या मेंढ्यांतली एक गेली, म्हणून लिहितोय.

माझं पालन बंदिस्त, म्हणजे मेंढ्या चरायला न सोडता गोठ्यातच. गळीत हंगामात उसाचं वाढं (शेंड्याकडचा हिरवा पाला) जवळजवळ फुकट मिळतं, त्यावर तुरीचं भुसकट, थोडा सुबाभूळ आणि गव्हाचा कोंडा. पेंड परवडत नाही. वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं, हे बंदिस्तवाल्यांना सांगायला नको. खनिजं कमी पडल्यानं मेंढ्या भिंती चाटायच्या, माती खायच्या, एकमेकींचे केस ओढून चावायच्या. म्हणून नोव्हेंबरात या पावडरीची पाच किलोची पिशवी आणली, ६५० रुपये. एक शेळीही आहे, तिलाही तेच. महिन्याला एक पिशवी संपायची.

तीन आठवड्यांत भिंत चाटणं बंद झालं. जानेवारीतली कोकरं तासाभरात उठून सडाला लागली. मी चार जणांना हीच पिशवी घ्यायला लावली, त्याचं आता वाईट वाटतं.

जूनच्या पहिल्या पावसात मेंढ्या दोन रात्री भिजल्या. तिसऱ्या दिवशी सगळ्यात जाड मेंढी उठेना. पापणी खाली ओढली तर आत हळदीसारखं पिवळं. लघवी काळ्या चहासारखी. डॉक्टरांना आधी गोचीड ताप वाटला, रक्ताची काच तपासली, त्यात काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. शवविच्छेदनात यकृत पिवळं आणि मूत्रपिंडं काळीनिळी. डॉक्टर म्हणाले, "पिशवी दाखवा." मागच्या बाजूला बारीक अक्षरांतल्या एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं: तांबे ०.१ टक्का.

किलोला एक ग्रॅम तांबं. गायीला ते लागतं आणि पचतंही. मेंढीचं यकृत मात्र तांबं साठवत जातं, बाहेर फारसं टाकत नाही. महिनोन्महिने काही दिसत नाही, मग पाऊस, प्रवास असा ताण आला की साठा एकदम रक्तात उतरतो आणि तांबड्या पेशी फुटतात. मेंढीच्या खाण्यात सुक्या चाऱ्याच्या किलोला साधारण १५ मिलिग्रॅमच्या वर तांबं धोक्याचं धरतात, गायीला ४० पर्यंत चालतं. शेळीही मेंढीपेक्षा जास्त सोसते. माझी शेळी ठणठणीत होती, म्हणून मलाही कधी शंका आली नाही.

आता तो चमचा. पिशवीत पांढरा प्लास्टिकचा चमचा येतो, त्यावर ग्रॅमची एकही खूण नाही. पिशवीवर लिहिलंय, "लहान जनावरे: १ चमचा". मेंढी गेल्यावर किराणा दुकानात जाऊन तो वजन करून आणला. शिगोशीग भरला की २२ ग्रॅम. म्हणजे मेंढीला दिवसाला २२ मिलिग्रॅम तांबं, तेही चाऱ्यातलं सोडून. दिवसाला दीड किलो सुका चारा खाणाऱ्या मेंढीला चाऱ्याच्या किलोमागे हेच जवळजवळ १५ मिलिग्रॅम झालं. सपाट दहा ग्रॅम घातली असती तरी काठावरच होतं. दोन रुपयांची खूण चमच्यावर उमटवली असती तर वीस हजारांची मेंढी वाचली असती. आठ महिने रोज मी तो माझ्या हातानं भरला.

दुकानदार म्हणाला, "पिशवीवर मेंढीचं चित्र आहे की." चित्र आहे, खरं आहे. कंपनीला फोन केला, तज्ज्ञ बोलतील म्हणाले. पाच आठवडे झाले, फोन नाही.

तांब्याला सरसकट विष म्हणायला मी आलेलो नाही. ते कमी पडलं तर कोकरं मागच्या पायांनी लुळी होतात, आणि चाऱ्यात मॉलिब्डेनम व गंधक जास्त असेल तर ते तांब्याला बांधून टाकतात. त्यामुळे चराईच्या मेंढीचा हिशोब वेगळा. पण बंदिस्त मेंढीला अशी गायीच्या मापानं तांबं घातलेली पावडर घालू नका.

उरलेल्या सहा मेंढ्यांना साठलेलं तांबं उतरावं म्हणून डॉक्टरांनी अमोनियम मॉलिब्डेट आणि सोडियम सल्फेट चालू केलं. पावडर बदलली, आताची तांबं न घातलेली, मेंढीसाठीची, किलोमागे चाळीस रुपये महाग, आणि मी ती तराजूवरच मोजतो. कॅल्शियमसाठी वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतो, तो खर्च जवळजवळ शून्य. जुन्या पिशवीतली दीड किलो भावाच्या गायीला दिली.

रोज संध्याकाळी सहाही मेंढ्यांची पापणी ओढून पाहतो. अजून गुलाबी आहे.