कार्ब बदलून १५,७५० रुपये घेतले, गाडी तशीच गचके खाते: जुन्या गाडीवाल्यांनो, हे वाचा

गाडी प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, वर सोलेक्स कंपनीचा एकच कार्ब, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा कार्बुरेटर. दोष साधा होता. एकसारख्या वेगात नीट पळते, पण ॲक्सिलेटर दाबला की क्षणभर दम खाते, एक गचका देते आणि मग उचलते. सपाट रस्त्यावर एक वेळ चालून जातं. मांजरसुंब्याच्या घाटात मागे भरलेला ट्रक असताना हे होतं तेव्हा जीव मुठीत येतो.

एवढ्या दोषापायी, "जुन्या गाड्यांचे स्पेशालिस्ट" अशी पाटी लावलेल्या मराठवाड्यातल्याच एका गॅरेजनं घेतलेले पैसे असे: कार्ब सर्व्हिस १,८००. मग "बॉडी झिजलीय, नवाच टाकावा लागेल" म्हणून ९,५००. इग्निशन कॉइल १,२५०. पेट्रोल पंप ३,२००. एकूण १५,७५० रुपये, सगळे फोनवरून, आणि पक्कं बिल एकाही पैशाचं नाही. वर ओरिजिनल सोलेक्स गायब. "भंगारात गेला" म्हणे! पद्मिनीचा धड ओरिजिनल कार्ब आज कुणी भंगारात टाकत नाही, तो हातोहात विकला जातो. गॅरेजचं नाव इथं लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे.

खरा दोष कुठं निघाला? कार्बच्या खाली, कार्ब आणि इंजिनाच्या मध्ये बसतो त्या जाड इन्सुलेटरमध्ये. बोल्टाच्या भोकापासून आतल्या गाळ्यापर्यंत केसाएवढी चीर. तिथून जादा हवा ओढली जायची, मिश्रण पातळ व्हायचं, आणि पाय दाबला की इंजिन अडखळायचं. जालन्याच्या एका मेस्त्रींनी तो काढून उजेडात धरला तेव्हा चीर आरपार दिसली. इन्सुलेटर १६०, दोन पॅकिंग ६०, मजुरी ३००. एकूण ५२० रुपये.

म्हणजे त्या गॅरेजवाल्यानं नवा कार्ब बसवला तोही त्याच फुटक्या इन्सुलेटरवर. कार्ब उतरवताना तो तुकडा हातात येतोच. दिसला नाही असं होऊ शकत नाही.

संताप येतो तो पहिल्याच दिवसाचा. त्यानं बॉनेट उघडलं, दोनदा रेस दिली आणि एअर फिल्टरचं झाकणसुद्धा न काढता निदान सांगून टाकलं: "कार्ब गेलाय." कळायला हवं होतं ते तिथंच. पाय दाबल्यावर गाडी अडखळते असं कुणी सांगितलं, तर जाणत्या मेस्त्रीचं पहिलं काम म्हणजे इंजिन बंद ठेवून फिल्टर काढणं, कार्बच्या घशात बघत हातानं थ्रॉटल (ॲक्सिलेटरनं उघडणारी हवेची झडप) ओढणं. थ्रॉटल झटकन उघडला की हवा लगेच धावते, पेट्रोल मागे राहतं. ती तूट भरायला ॲक्सिलेटर पंप पेट्रोलची एक पिचकारी मारतो. धार बारीक, सरळ आणि लगेच यायला हवी. धार नसेल किंवा उशिरा येत असेल तर पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फाटलाय, नाहीतर पंपजेटमध्ये, म्हणजे धार सोडणाऱ्या बारीक भोकात, कचरा आहे. धार ठणठणीत असेल तर पंप निर्दोष, पुढं शोधा. या तपासणीला एक रुपया लागत नाही. ती न करता कार्ब बदला म्हणणाऱ्याच्या हातात किल्ली देऊ नका. पण गॅरेजमध्ये ओळीनं फियाट आणि ॲम्बेसेडर उभ्या, भिंतीवर जुन्या गाड्यांच्या रॅलीचे फोटो. अशा ठिकाणी कोण संशय घेईल? विश्वास ठेवणाऱ्याला मूर्ख म्हणणारे मला बरेच भेटले. चोराला चोर म्हणायला मात्र कुणी तयार नाही.

दुसरी लबाडी याहून वाईट. गाडी परत देताना त्यानं स्लोचा, म्हणजे पाय न लावता इंजिन फिरतं त्या वेगाचा, स्क्रू पिळून ठेवला होता. स्लो मिनिटाला ७००-८०० फेऱ्यांवर असायला हवा, हा हजाराच्या बराच वर. इतका वाढवला की थ्रॉटल आधीच थोडा उघडा राहतो, उभ्या गाडीत रेस दिली तर गचका जाणवत नाही. रस्त्यावर लोड आला की तोच दोष पुन्हा हजर. म्हणून दुरुस्तीनंतर गॅरेजच्या दारात रेस ऐकून पैसे देऊ नका. तिसऱ्या गिअरला ३०च्या वेगानं चालवा, पाय दाबा, मग बोला.

हवेची गळती अशी पकडा: इंजिन थंड असताना चालू करा, स्लोवर ठेवा, कार्बच्या बुडाशी आणि थ्रॉटलच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना कार्ब क्लीनरचा अगदी थोडा फवारा मारा. आवाज चढला किंवा बदलला की गळती तिथंच. गरम इंजिनावर हे करू नका, आग लागते. प्लगच्या वायरीतून ठिणगी उडत असेल तर मुळीच नको.

कॉइल आणि पेट्रोल पंप का विकला तेही सांगतो. "आता इथेनॉलचं पेट्रोल आहे, जुनं काहीच चालत नाही" आणि "उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होते" ही त्याची दोन पालुपदं. दोन्हीत अर्धं खरं आहे, म्हणूनच माणूस फसतो. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात ऑक्सिजन असतो, त्यामुळं त्याच जेटवर (पेट्रोल मापून सोडणाऱ्या भोकावर) मिश्रण थोडं पातळ होतं, आणि जुनी रबरं फुगतात किंवा कडक होतात. त्यावर उपाय म्हणजे इथेनॉल सोसणारे पाइप, नवा डायफ्राम, गरज पडली तर मेन जेट एक नंबर मोठा. पूर्ण कार्ब नव्हे. आणि जेटमध्ये तार घालून भोक मोठं करू देऊ नका, ते पुन्हा कधीच मापात येत नाही. वाफेचं म्हणाल तर मे महिन्यात परभणी-नांदेडच्या उन्हात पेट्रोलची वाफ होते हे खरं, पण तो दोष गरम गाडी उभी राहून पुन्हा निघाली की येतो. सकाळी थंड इंजिनाला गचका बसत असेल तर वाफेचं कारण सांगणारा खोटं बोलतोय. ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलआधी पॉइंटची गॅप बघायची, ०.४ ते ०.५ मिमी, आणि कंडेन्सर. पॉइंट ज्यात असतात त्या डिस्ट्रिब्यूटरची टोपीसुद्धा त्यानं उघडली नव्हती, धूळ जशीच्या तशी होती.

जुन्या ॲम्बेसेडरवर एसयू नावाचा वेगळ्या बनावटीचा कार्ब असेल तर त्यात ॲक्सिलेटर पंप नसतोच. वरचा डॅम्पर (टोपी असलेली दांडी) काढा, खालच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे ती दांडी बसते त्या नळीत, तेल आहे का बघा. कोरडा असेल तर हाच गचका येतो आणि थोड्या तेलात जातो. त्यासाठीही लोकांकडून हजारो रुपये उकळलेत.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात ऐकवलं, "हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा." विश्वासानं दिलेली वस्तू परस्पर लांबवणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताचं कलम ३१६ आणि फसवणुकीचं ३१८ कशासाठी आहेत? सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन केला तर, पैसे तुम्हीच पाठवलेत, सायबर गुन्हा नाही. आरटीओ म्हणतं, गॅरेज आमच्याकडं येत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर गॅरेजनं उत्तर दिलं नाही म्हणून ती बंदच करून टाकली! चोर उत्तर देत नाही म्हणून तक्रार बंद? प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, "बिल कुठंय?" अहो, बिल न देणं हीच २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. ज्यानं कायदा मोडला त्याला कुणी विचारत नाही, पुरावा मात्र लुटलेल्यानं आणायचा.

तरी सोडू नका. ठाण्यात घेत नसतील तर तीच तक्रार लेखी, टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत २ वर्षांची आहे. फोनवरच्या पेमेंटचे स्क्रीनशॉट, गाडी देतानाचे मेसेज जपून ठेवा. गाडी सोडण्याआधी कार्बचे चारही बाजूंनी फोटो काढा, आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत मागा, फाटकी पॅकिंगसुद्धा.

आणि एक. पद्मिनीचा सोलेक्स कुणी विकायला आणला तर खालच्या फ्लँजच्या (बोल्टानं आवळायच्या पट्टीच्या) कडेला कानशीनं पाडलेल्या दोन आडव्या खाचा, आणि पेट्रोल साठतं त्या फ्लोट चेंबरच्या झाकणाला एका स्क्रूच्या जागी षटकोनी डोक्याचा बोल्ट आहे का बघा. असेल तर तो माझा आहे. पैसे देण्याआधी मला कळवा.